जानेवारीत मेलबर्नला येतोय, दोन मुलं आहेत – आधी काय काय करायचं?

गोदाकाठची · ६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आमचा पीआर (कायम राहायची परवानगी) आला, १९० व्हिसा, व्हिक्टोरिया राज्याचा. १० जानेवारीची तिकिटं काढलीत. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा, ऑगस्टमधला, इथे ज्युनिअर केजीत आहे. मिस्टर मेकॅनिकलवाले, नाशिकच्या सातपूरला चौदा वर्षं एकाच कंपनीत, तिथली नोकरी अजून हातात नाहीये, जाऊन शोधायची. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, बीएड झालंय.

प्रश्न खूप आहेत, एकत्रच लिहिते. कुठल्या भागात घर घ्यावं, टार्नीट-ट्रुगनिना सगळे म्हणतात, तिथे चार बेडरूमचं घर मिळतं म्हणे. शाळेत प्रवेश लगेच होतो का? मुलाला पहिलीआधीचं जे प्रेप असतं त्यात घेतील का? मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, कधीपासून? लसीकरणाची पिवळी फाइल चालते का? कुकर, मिक्सर, तवा आणावा का, मसाले किती, लोणचं आणू देतात का? मला शिकवायचं काम मिळेल का? आणि साधारण किती पैसे हाताशी ठेवावेत? सासूबाई म्हणतात देव्हाऱ्यातला गणपती सोबत ने, पितळेचा आहे.

तिथे ओळखीचं कोणी नाही. जे सुचेल ते सांगा.

पश्चिमवारा · ६ नोव्हेंबर

अभिनंदन ताई. मी नऊ वर्षं टार्नीटला आहे. घराचं आधी सांगतो कारण बाकी सगळं पत्त्यावर अडतं, शाळासुद्धा.

भाडं इथे आठवड्याचं सांगतात, आणि इथेच आपला हिशोब चुकतो. समजा ५२० डॉलर आठवड्याला लिहिलंय, तर महिन्याचे २०८० होत नाहीत. ५२० ला ७ ने भागायचं, ३६५ ने गुणायचं, १२ ने भागायचं, येतात २२६० च्या आसपास. महिन्याला १८० डॉलरचा फरक. वर एक महिन्याचं भाडं बॉन्ड (डिपॉझिट) म्हणून, म्हणजे चावी हातात येईपर्यंत साडेचार हजार गेले. हा बॉन्ड घरमालकाकडे राहत नाही, आरटीबीए नावाचं सरकारी खातं आहे तिथे जमा होतो आणि त्याची पावती तुम्हाला ईमेलने येते. ती आली नाही तर विचारा. आणि घर बघितल्याशिवाय कोणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय असंच धरा, चाव्या कुरिअरने पाठवतो म्हणणारे भेटतात.

नोकरी नसताना अर्ज मंजूर होणं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. पण होतं. बँकेतल्या शिल्लकेचं स्टेटमेंट, नाशिकच्या कंपनीचं अनुभवाचं पत्र, आणि चार ओळींचं स्वतःचं पत्र, आम्ही कोण, मुलं किती, घर कसं ठेवतो, असं. माझे सहा अर्ज नाकारले, सातव्याला मिळालं. पहिले तीन-चार आठवडे एखादं तात्पुरतं घर घेऊनच या आणि रोज दोन-तीन इन्स्पेक्शनला जा. इन्स्पेक्शन म्हणजे घर बघायची वेळ, पंधरा मिनिटं दार उघडं असतं, दहा-वीस माणसं रांगेत.

आणखी एक, चावी मिळाली की कंडिशन रिपोर्ट, म्हणजे घर कुठल्या अवस्थेत मिळालं त्याची नोंद, देतात तो व्हिक्टोरियात पाच कामाच्या दिवसांत भरून परत द्यायचा असतो. प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. आमच्या पहिल्या घरात ओट्यावर हळदीचा पिवळा डाग आधीपासून होता, सिंकच्या डाव्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा. आम्ही फोटो काढला नव्हता. सोडताना भाड्याचं बघणाऱ्या एजन्सीने तो आमच्या नावावर टाकला, भारतीय कुटुंब आणि हळद, वाद घालायला आमच्याकडे पुरावाच नव्हता. बॉन्डमधून कापले. पैशांपेक्षा तो आरोप लागला मनाला.

क्लेटनकर · ७ नोव्हेंबर

मी थोडं वेगळं सांगतो, पश्चिमवारादादा राग मानू नका. चार बेडरूमचं घर कशाला हवंय चार माणसांना, तेही अशा ठिकाणी जिथे दूध आणायला गाडी लागते? नवीन इस्टेटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतींत, घरं सुंदर आहेत, रस्ते गुळगुळीत, पण बस अर्ध्या-पाऊण तासाने आणि स्टेशन चालण्याच्या अंतरावर नाही. आम्ही सहा वर्षं क्लेटनला दोन बेडरूमच्या जुन्या युनिटमध्ये आहोत, स्टेशन ७ मिनिटं, हॉस्पिटल चालत, भारतीय दुकानं चालत, शाळा चालत. घर लहान आहे, हिवाळ्यात गार पडतं, बाथरूमची टाइल तुटलेली आहे. पण बायको पहिल्या आठवड्यापासून एकटी सगळीकडे जाते. नोकरी कुठे लागणार हे माहीत नसताना ट्रेनच्या लाइनवर राहणं शहाणपणाचं असं माझं मत.

पश्चिमवारा · ७ नोव्हेंबर

राग कसला. टार्नीटलाही स्टेशन आहे हो, २०१५ पासून, शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला अर्ध्या तासात पोचतो. पण स्टेशनपर्यंत पोचायला गाडी आणि तिथे पार्किंग सकाळी लवकर भरतं, हे मान्य.

रेणुका_पीसी · ७ नोव्हेंबर

गोदाकाठची, तुझी यादी दोनदा वाचली. एकेरीत बोलते, चालेल ना, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील. सगळं विचारलंस, कुकर विचारलास, गणपती विचारलास. एक प्रश्न नाहीये त्यात. तुला गाडी चालवता येते का?

मी का विचारतेय ते सांगते. आम्ही २०१४ च्या मे महिन्यात आलो, पश्चिमेकडच्या नव्या इस्टेटच्या अगदी शेवटच्या टोकाला घर घेतलं, पुढे नुसतं माळरान. नवऱ्याला तीन आठवड्यांत नोकरी लागली, तो सकाळी साडेसहाला आमची एकुलती एक गाडी घेऊन जायचा तो संध्याकाळी सात. मी आणि अडीच वर्षांची मुलगी. जून-जुलैत इथे सकाळी पाच-सहा डिग्री, वारा असा की प्रॅम हातातून सुटते. बसस्टॉपला जायला १८ मिनिटं, बस चुकली की ४० मिनिटं उभं राहायचं. दोनदा मुलगी भिजून तापाने फणफणली, मग मी बाहेर पडणंच सोडलं. दिवसभर पडदे लावून बसायचे. आईला फोन करायला साडेअकरा-बारा वाजायची वाट बघायची, तेव्हा तिकडे सकाळचे सात वाजतात. आठ महिने. नवरा चांगला आहे, त्याची काही चूक नव्हती, तो बिचारा शनिवार-रविवार कामंच करायचा, बाजार, दवाखाना, बँक. पण आठवड्यातून दोन दिवस जगायचं आणि पाच दिवस वाट बघायची असं ते झालं होतं.

लोक म्हणतात नवऱ्याची नोकरी लागली की कुटुंब स्थिरावलं. मी नाही मानत. घरात जो मागे राहतो तो एकटा बाहेर पडू शकला की कुटुंब स्थिरावतं. घर निवडताना, गाडी घेताना, पैसे खर्च करताना हा एक प्रश्न आधी विचारा, तुम्ही दोघंही.

गोदाकाठची · ८ नोव्हेंबर

रेणुकाताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. नाही येत गाडी. अ‍ॅक्टिव्हा चालवते, कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत रोज, पण फोर व्हीलरचं लायसन्स नाही, मिस्टरांचं आहे. खरं सांगायचं तर मला वाटलंच नाही हा प्रश्न आहे म्हणून. तिकडे सगळे ट्रेनने जातात असं डोक्यात होतं.

आता दोन महिन्यांत इथे शिकून लायसन्स काढू का?

रेणुका_पीसी · ८ नोव्हेंबर

शिक, पण लायसन्ससाठी नाही, स्टिअरिंगची आणि क्लचची भीती जावी म्हणून. दोन महिन्यांचं भारतीय लायसन्स घेऊन इथे फारसा उपयोग नाही, आणि नाशिकच्या सवयी मोडायलाच जास्त वेळ लागेल.

व्हिक्टोरियात असं आहे. मिस्टरांना भारतीय लायसन्सवर सहा महिने चालवता येईल. भारत इथल्या मान्य देशांच्या यादीत नाही, म्हणून त्यांना लेखी परीक्षा, हॅझर्ड परसेप्शनची (रस्त्यावरचे धोके ओळखायची) कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि रस्त्यावरची टेस्ट, तिन्ही द्यावी लागतील. लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख दिसायला हवी, रिन्यू केलेलं असेल तर आरटीओतून एक्स्ट्रॅक्ट घेऊन ठेवा, इथून मागवणं महाकठीण. तू लर्नर काढायचं, त्याची परीक्षा ऑनलाइन होते. तुझं वय एकवीसच्या वर म्हणून १२० तासांच्या सरावाची वही भरावी लागत नाही, आणि पंचवीसच्याही वर म्हणून लर्नर तीन महिने हातात असलं की टेस्ट देता येते. म्हणजे फेब्रुवारीत काढलंस तर मे महिन्यात टेस्ट. मधल्या काळात 'एल' ची पिवळी पाटी लावून शेजारी फुल लायसन्सवाला बसवून चालवायची.

शिकवणीला पैसे वाचवू नकोस. आम्ही सोफा घेतला ९०० डॉलरचा आणि ड्रायव्हिंगचे तास महाग म्हणून थांबलो, तासाला ७०-८० डॉलर. आज कोणी विचारलं तर सांगते, जमिनीवर चटई टाकून बसा पण दहा तास लावा.

क्लेटनकर · ८ नोव्हेंबर

रेणुकाताईंशी शंभर टक्के सहमत. फक्त एवढंच म्हणतो की लायसन्स येईपर्यंतचे पाच-सहा महिने काढायला तरी स्टेशनजवळ घर घ्या. वर्षाचा करार संपला की जा मोठ्या घरात.

निळी_छत्री · ८ नोव्हेंबर

मी नर्स आहे, दवाखान्याचं मी सांगते. पीआर असल्याने मेडिकेअर आल्या आल्या मिळतं, पासपोर्ट आणि व्हिसाचं पत्र लागतं. (टेम्पररी व्हिसावाल्यांसाठी नाही, भारताशी तसा करार नाहीये. कोणी वाचत असेल तर खासगी विमा घेऊनच या.) बल्क बिलिंग करणारा जीपी (फॅमिली डॉक्टर) शोधा, म्हणजे तपासणीचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत, फोनवर आधीच विचारायचं. आपल्याकडे कसं थेट बालरोगतज्ज्ञाकडे जातो तसं इथे नाही, आधी जीपी, त्याने चिठ्ठी दिली तर स्पेशालिस्ट. मुलाला सर्दी-ताप असला तर जीपी बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आणि पाणी सांगून घरी पाठवेल, अँटिबायोटिक देणार नाही. चिडू नका, ते बरोबर करतायत.

अ‍ॅम्ब्युलन्स मेडिकेअरमध्ये येत नाही. हे मोठ्या अक्षरात लिहितेय कारण माझ्या वॉर्डमध्ये बिल बघून रडलेल्या आयाबाया मी पाहिल्यात. एकदा बोलावली तर हजाराच्या वर जातं. अ‍ॅम्ब्युलन्स व्हिक्टोरियाची वर्षाची मेंबरशिप अख्ख्या कुटुंबाची साधारण शंभर डॉलर आहे. पहिल्या आठवड्यात घ्या, सिमकार्डाच्या बरोबर. आणि मुलीला ०००, तीन शून्य, पाठ करून द्या, पत्ता इंग्रजीत सांगता यायला हवा.

लसीची पिवळी फाइल आणाच, मूळ. त्याबरोबर नाशिकच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर लसींची नावं आणि तारखा टाइप करून घ्या, कारण फाइलमधलं अक्षर इथल्या कोणाला लागत नाही. ती माहिती जीपी किंवा कौन्सिलचे (इथल्या नगरपालिकेचे) लोक सरकारी रजिस्टरवर चढवतात, राहिलेल्या लसी फुकट देतात. हे झाल्याशिवाय धाकट्याचं किंडर (बालवाडी) अडेल आणि चाइल्डकेअरची सबसिडीही अडेल.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर इथे गवताचे पराग हवेत असतात. आपल्या लोकांना पहिलं वर्ष काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिंका, डोळ्यांना खाज सुरू होते, आणि आपण ते सर्दी म्हणून सोडून देतो. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं, ते पराग फुटून बारीक होऊन हवेत पसरले, आणि हजारो लोकांना एकाच रात्री दमा उठला. दहा जण गेले. भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांना याचा त्रास जास्त झाला होता, आणि कित्येकांना आपल्याला दमा आहे हेच माहीत नव्हतं. त्या रात्री अ‍ॅम्ब्युलन्स पुरल्या नाहीत. म्हणून 'हे-फिव्हर', म्हणजे ही परागांची अ‍ॅलर्जी, असेल तर जीपीला सांगा, दम्याचा निळा पंप घरात ठेवा, व्हिकइमर्जन्सी अ‍ॅप घ्या, आणि वसंतात वादळाचा इशारा असला की खिडक्या लावून घरात राहा. तुम्ही जानेवारीत येताय म्हणजे पहिला हंगाम टळला, पण लक्षात ठेवा.

गोदाकाठची · ९ नोव्हेंबर

निळी_छत्री, खूप खूप धन्यवाद. मुलीला लहानपणी बालदमा होता, चार वर्षं काही नाही. सगळे रिपोर्ट घेऊन येते.

शाळेचीबाई · ९ नोव्हेंबर

शाळेचं राहिलंच. मी प्रायमरीत एज्युकेशन सपोर्टला, म्हणजे वर्गात शिक्षकांच्या मदतीला आहे, पुण्यात शिक्षिका होते.

सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, फाइंड माय स्कूलच्या साइटवर पत्ता टाकला की तुमची शाळा कुठली ते कळतं. त्या झोनमधल्या मुलाला शाळा नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे प्रवेशाची धास्ती सोडा, डोनेशन वगैरे काही नाही. पण भाडेकरार लागतो. आणि तुमची तारीख जरा अडचणीची आहे. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास शाळा बंद होतात त्या जानेवारीच्या शेवटी उघडतात, ऑफिससुद्धा शाळा सुरू व्हायच्या दोन-चार दिवस आधी उघडतं. फोन कोणी उचलत नाही म्हणून घाबरू नका.

मुलगी वयानुसार इयर ४ किंवा ५ ला जाईल, जन्मतारखेवर आहे. धाकटा ऑगस्टचा म्हणजे ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण होत नाहीत, त्यामुळे प्रेप नाही, या वर्षी चार वर्षांच्या मुलांचं किंडर. आठवड्याला १५ तास, सरकारी योजनेत फुकट. भारतातून येणारे पालक म्हणतात आमचा मुलगा शंभरपर्यंत लिहितो, वर्ष वाया जाईल. नाही जात. चिखलात खेळेल, स्वतःचा डबा उघडायला शिकेल, स्वतःचं नाक पुसायला शिकेल, हेच त्या वर्षाचं काम आहे. किंडरच्या जागांसाठी मात्र कौन्सिलकडे आत्ताच ईमेल टाका, त्या भरतात.

डब्याबद्दल सांगते कारण दर फेब्रुवारीत मी हे बघते. आपल्या मुलांचा डबा भरलेला परत जातो आणि आई समजते की इंग्रज मुलं नाक मुरडत असतील, लाज वाटत असेल, मग पोळी बंद करून ब्रेड सुरू करतात. अहो, वेळच नसतो! वर्गात बसून खायला दहा मिनिटं, मग बाहेर खेळायला जायची घाई. गरम करायची सोय नाही. पोळी तोडून भाजीला लावून खायला दहा मिनिटं पुरत नाहीत, एवढंच. पोळीला तूप-साखर किंवा बटाट्याची सुकी भाजी लावून घट्ट गुंडाळी करा, सुरीने तीन तुकडे. एका हातात धरून खाता आलं पाहिजे. थालीपिठाचे चौकोन छान जातात. शेंगदाण्याचं कूट शक्यतो टाळा, वर्गात कोणाला अ‍ॅलर्जी असते, म्हणजे साबुदाण्याची खिचडी घरीच. पहिल्या आणि चौथ्या टर्मला मोठ्या काठाची टोपी सक्तीची, टोपी नाही तर सावलीत बसायचं, खेळायचं नाही.

तुमच्या नोकरीचं. शिकवायला व्हीआयटीची (शिक्षकांची नोंदणी करणारी इथली संस्था) नोंदणी लागते, पदवी आणि बीएड मिळून चार वर्षांचं शिक्षण धरतात, वर इंग्रजीचा स्कोअर बराच वरचा लागतो. वेळ लागेल पण होईल. तोवर वर्किंग विथ चिल्ड्रन चेक काढा, स्वयंसेवकांना फुकट आहे, आणि मुलीच्या वर्गात वाचन घ्यायला जा. माझी नोकरी तशीच लागली, आठवड्यातून एक तास फुकट वाचन घेत होते, त्यांना माणूस हवा होता, मी समोर होते.

अ‍ॅडलेडवासी · १० नोव्हेंबर

मिस्टरांसाठी दोन शब्द. सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, वडिलांचं नाव, हे काही नको. टीएफएनचा (टॅक्सचा नंबर, आपल्या पॅनसारखा) अर्ज आल्या आल्या ऑनलाइन भरा, फुकट आहे, यायला २८ दिवसांपर्यंत लागतात, त्याशिवाय पगार सुरू झाला तर वरच्या दराने टॅक्स कापतात. पगार सांगतात तेव्हा विचारा 'प्लस सुपर की सुपरसकट', सुपर म्हणजे आपला पीएफ, १२ टक्के, फरक मोठा पडतो. आणि पहिली नोकरी एक-दोन पायऱ्या खालची मिळाली तर घ्यावी असं माझं मत, मी इंजिनिअर असून सात महिने मेंटेनन्स टेक्निशियन होतो, त्याच वर्कशॉपमधल्या सुपरवायझरने पुढच्या नोकरीला माझ्यासाठी रेफरन्स दिला. पैशांचं म्हणाल तर नोकरी नाही असं धरून सहा महिने निघतील एवढे हवेत. पीआर असला तरी मुलांच्या फॅमिली टॅक्स बेनिफिटचा पार्ट ए पहिलं वर्ष मिळत नाही, बेकारभत्ता चार वर्षं नाही. चाइल्डकेअर सबसिडीला मात्र थांबावं लागत नाही.

पश्चिमवारा · १० नोव्हेंबर

कुकरचं कोणी सांगितलं नाही. व्हिक्टोरियात २०२४ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी बंद होत चालली आहे, नव्या इस्टेटमध्ये घर घेतलंत तर इंडक्शन असू शकतं. अ‍ॅल्युमिनियमचा हॉकिन्स त्यावर तापतच नाही. खाली चुंबक चिकटतं का बघून आणा, तव्याचंही तसंच, बिडाचा तवा चालतो. मिक्सर बिनधास्त आणा, व्होल्टेज आपलंच आहे, फक्त पिन वेगळी.

विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याच्या सगळ्या वस्तूंना 'हो' करा. जाहीर केलं तर वाईटात वाईट म्हणजे ती वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड. पेढे, बर्फी, कढीपत्ता, ताजं काही नको. पोळपाट-लाटणं लाकडी, तेही जाहीर करायचं, कीड नसेल तर देतात. पितळेचा बाप्पा आरामात येईल.

गोदाकाठची · १६ फेब्रुवारी

मंडळी, पोचलो आणि लागलो कामाला. इतके दिवस लिहिता आलं नाही.

उतरलो त्या दिवशी ४० डिग्री, दुसऱ्या दिवशी स्वेटर. घराचे आठ अर्ज, आठही नाही. मग टार्नीटचा हट्ट सोडला आणि हॉपर्स क्रॉसिंगला जुनं तीन बेडरूमचं घर मिळालं, स्टेशन चालत १२ मिनिटं, मी स्वतः दोन्ही पोरांना घेऊन चालून बघितलं मगच सही केली. गॅस आहे! पहिल्याच दिवशी फोडणी दिली आणि धुराचा अलार्म कोकलला, धाकटा रडायला लागला. आता आधी पंखा लावायचा मग मोहरी टाकायची. कंडिशन रिपोर्टला १६३ फोटो जोडले, पश्चिमवारादादा तुमचा ओट्यावरचा डाग आठवून.

मुलगी शाळेत रमली. डबा तीन दिवस परत आला, चौथ्या दिवशी गुंडाळी केली, रिकामा. अ‍ॅम्ब्युलन्सची मेंबरशिप घेतली. किंडरला जागा मिळाली, दोन दिवस, साडेसात साडेसात तास.

कचऱ्याचं कुणीतरी सांगा ना, चार रंगांची झाकणं आहेत आणि शेजारचे आजोबा आमचा डबा बघून मान हलवतात.

क्लेटनकर · १६ फेब्रुवारी

लाल झाकण म्हणजे उरलासुरला कचरा, पिवळं पुनर्वापराचं, हिरवं ओला कचरा आणि बागेचा, जांभळं काच. पिवळ्यात पिशवीत बांधून टाकू नका, सुटं टाकायचं, मान बहुतेक त्यालाच हलत असेल. नेमकं काय कशात ते कौन्सिलच्या साइटवर पत्ता टाकून बघा, दर कौन्सिलला जरा वेगळं आहे. आणि आजोबांशी बोला, इथले म्हातारे शेजारी सोन्यासारखे असतात.

रेणुका_पीसी · १७ फेब्रुवारी

लर्नर काढलंस का?

गोदाकाठची · १७ फेब्रुवारी

कालच पास झाले ताई.

रेणुका_पीसी · १७ फेब्रुवारी

शाब्बास. आता दुसरं काम. दोन्ही मुलांना पोहायला घाल, आणि तूही शीक. नदी आपल्या अंगणात असून आपल्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही, आणि इथे प्रत्येक सुट्टी पाण्याशी जाते. दर उन्हाळ्यात बातमी येते, नवीन आलेलं कुटुंब, किनारा, गुडघाभर पाणी, लाट खेचून नेते. वाचवायला गेलेला बापही जातो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरायचं, झेंडे नसतील तर पाय ओले करायचे नाहीत. हे तुझ्या मिस्टरांना वाचायला दे.

गोदाकाठची · १२ जुलै

कळवायचं राहिलं होतं. पहिली टेस्ट मे महिन्यात नापास. स्टॉपच्या पाटीला मी थांबले असं मला वाटलं, पण चाकं पूर्ण थांबली नव्हती, बैलगाडीएवढ्या वेगाने पुढे सरकत होती, परीक्षकाने तिथेच टेस्ट संपवली. गाडीत बसून रडले. इन्स्ट्रक्टरबाई केनियाच्या आहेत, गुजराती, त्यांनी सांगितलं, स्टॉपला थांबलीस की मनात 'श्री गणेशाय नमः' म्हण, मग निघ. तेवढा वेळ बरोबर पुरतो. दुसरी गोष्ट हेड चेक, लेन बदलताना मान वळवून खांद्यामागे बघणं, आरशात बघितलेलं धरतच नाहीत. मी पंधरा दिवस स्वयंपाकघरात ओट्यावरून सिंककडे जातानासुद्धा मान वळवत होते.

२५ जूनला दुसरी टेस्ट, पास. हिरवी पी पाटी.

मिस्टरांना मार्चअखेर नोकरी लागली, लॅव्हर्टनला, ते ट्रेनने जातात, पुढे सायकल. म्हणजे आठवडाभर गाडी माझ्याकडे. हे आमचं आम्ही ठरवलं, रेणुकाताईंची ती पोस्ट त्यांनी दोनदा वाचली होती. परवा मुलीला रात्री खोकल्याची ढास लागली, ते नाइट शिफ्टला, मी धाकट्याला उचलून मागच्या सीटवर बूस्टरमध्ये बांधलं आणि दोघांना घेऊन तातडीच्या क्लिनिकला गेले. पंप दिला, तासाभरात घरी. जाताना रस्त्यात कोणी नव्हतं, स्टॉपच्या पाटीला मी थांबले, श्री गणेशाय नमः म्हटलं आणि निघाले.

व्हीआयटीचा अर्ज टाकलाय, इंग्रजीची परीक्षा परत द्यायची आहे, लिहिण्यात अर्धा मार्क कमी पडला. मुलीच्या वर्गात गुरुवारी वाचन घेते.

एकच अडलंय, कढीपत्ता. दुकानात एवढीशी डहाळी आणि किंमत बघून परत ठेवते. रोप कुठे मिळेल? थंडीत जगेल का?

पश्चिमवारा · १२ जुलै

ताई, खूप आनंद झाला. रोप मी देतो, माझ्याकडे बाजूने फुटवे आलेत. कुंडीतच लावा, जमिनीत लावलं तर इथल्या दहिवरात जळतं. सप्टेंबरपर्यंत घरात उत्तरेच्या खिडकीशी ठेवा, इथे ऊन उत्तरेकडून येतं. पाणी आठवड्यातून एकदाच. पानं गळतील, घाबरून फेकू नका, ऑक्टोबरात फुटतं.

गोदाकाठची · १३ जुलै

शनिवारी मुलं साडेनऊ ते साडेदहा अ‍ॅक्वापल्सला पोहायला असतात. तिथून निघून अकरापर्यंत येते, चालेल? पत्ता मेसेजमध्ये टाका. थालीपिठं आणते.